कौल नायकांना, घरे वाऱ्यावर

मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका वर्सोव्याला सुरू होते आणि घाटकोपरला संपते. वर्सोव्यानंतरचे पहिलेच स्थानक डी. एन. नगर. शेजारच्या म्हाडा वसाहतीवरून त्याला हे नाव मिळाले आणि वसाहतीचे पूर्ण नाव दादाभाई नौरोजी नगर. दादाभाईंचे या भागाशी नाते आहे ते केवळ नावापुरते नाही. १९०७ साली, वयाच्या ८२व्या वर्षी, इंग्लंडमधले बिऱ्हाड कायमचे आवरून ते मायदेशी परतले आणि ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचा मृत्यू झाला, तोपर्यंतचा बहुतेक काळ त्यांनी वर्सोव्याच्या आपल्या बंगल्यात काढला. १८९२ मध्ये अवघ्या पाच मतांच्या आघाडीने ब्रिटिश संसदेत निवडून गेलेला, तीन वेळा काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवलेला, हिंदुस्थानची संपत्ती दरसाल इंग्लंडकडे कशी वाहून जाते याचा आकडेवारीनिशी जाब विचारणारा हा माणूस अंधेरीकरांचा शेजारी होता. स्थानकाच्या नावात त्याची दोन आद्याक्षरे उरली आहेत. ती कुणाची आणि तो माणूस इथे का येऊन राहिला, हे त्या नावावरून कुणाला कळणार नाही.

याच दादाभाईंच्या नावाची निळी पाटी लंडनच्या दक्षिणेकडील पेंज या उपनगरात ऑगस्ट २०२२ मध्ये लागली. अॅनर्ली पार्क रस्त्यावरच्या ७२ क्रमांकाच्या घरात ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राहायला गेले आणि सुमारे आठ वर्षे राहिले. ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचा मुक्काम तिथेच होता. ज्या साम्राज्याला त्यांनी आयुष्यभर धारेवर धरले, त्या साम्राज्याच्या राजधानीतल्या एका साध्या रहिवासी रस्त्यावर त्यांच्या वास्तव्याची नोंद पत्त्यासह झाली आहे. दोन उपनगरांतला हा फरक पैशांचा नाही. एक पाटी लावायला अंधेरीत काही फार खर्च येणार नाही. हा फरक थोर माणसे लक्षात ठेवायच्या रीतीतला आहे. आपण थोरांची नावे देतो, पुतळे उभारतो, त्यांच्या क्रमवाऱ्या लावतो. पण ते जिथे राहिले, जिथे त्यांनी काम केले, जिथे ते हरले आणि पुन्हा उभे राहिले, त्या जागांची जबाबदारी घेत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ही जबाबदारी घेणे हाच थोरवीचा खरा सन्मान आहे आणि ती घ्यायची वेळ मुंबईच्या उपनगरांसाठी झपाट्याने निघून चालली आहे.

क्रमवारीची हौस आपल्याला कितपत आहे ते २०१२ साली दिसले. सीएनएन-आयबीएन आणि हिस्टरी टीव्ही१८ या वाहिन्यांनी ‘आउटलुक’ साप्ताहिकाच्या साथीने ‘द ग्रेटेस्ट इंडियन’ हा उपक्रम राबवला. मूळ कल्पना बीबीसीची. २००२ मध्ये बीबीसीने ब्रिटिश प्रेक्षकांकडून शंभर थोर ब्रिटिश निवडून घेतले, त्यात विन्स्टन चर्चिल पहिले आले आणि मग हा साचा देशोदेशी पोहोचला. आपल्याकडे गांधीजींना स्पर्धेबाहेर ठेवले गेले, कारण त्यांच्याशी बरोबरी होऊ शकत नाही असे आयोजकांनी ठरवले, आणि विचार स्वातंत्र्योत्तर काळातल्या व्यक्तींचाच झाला. म्हणजे दादाभाई, महात्मा फुले, लोकमान्य टिळक, राजर्षी शाहू ही माणसे आरंभीच बाद. परीक्षक मंडळ, बाजार संशोधन संस्थेची पाहणी आणि प्रेक्षकांची फोन व इंटरनेटवरची मते अशा तीन मापांचा मेळ घालून त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये निकाल लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिले आले. पहिल्या दहांत एपीजे अब्दुल कलाम, सरदार पटेल, अटलबिहारी वाजपेयी, मदर तेरेसा, जेआरडी टाटा, सचिन तेंडुलकर, इंदिरा गांधी, लता मंगेशकर आणि जवाहरलाल नेहरू होते.

या निकालातला पहिला क्रमांक योग्य होता असे मला मनापासून वाटते. पण प्रेक्षकांच्या मतांचे आकडे शांतपणे पाहिले तर ही पद्धत काय मोजते आणि काय मोजत नाही ते उघड होते. अंतिम फेरीत बाबासाहेबांना सुमारे २० लाख मते पडली, कलाम यांना सुमारे १४ लाख, पटेलांना साडेपाच लाखांच्या आसपास. नेहरूंना दहा हजारही नाहीत आणि लता मंगेशकरांना साडेअकरा हजारांच्या घरात. या देशात लताबाईंवर जीव टाकणारी माणसे साडेअकरा हजारच आहेत असे कोण म्हणेल? ज्यांच्या आवाजाने तीन पिढ्यांची पहाट झाली त्यांच्यासाठी फोन उचलून मत नोंदवावे असे त्या पिढ्यांना वाटले नाही, इतकाच त्याचा अर्थ. म्हणजे दूरचित्रवाणीवरचा कौल थोरवी तर मोजत नाहीच, लोकांचे प्रेमदेखील पुरतेपणी मोजत नाही. त्या दिवसांत कोणत्या नायकाचे लोक एकजुटीने पुढे आले, एवढेच तो सांगतो. ते कळणेही महत्त्वाचे आहे, मी ते कमी लेखत नाही. पण त्याला इतिहासाचा निवाडा समजण्याची चूक होऊ नये.

ही चूक कुठवर नेते ते पोर्तुगालने २००७ मध्ये दाखवले, आणि हा दाखला मराठी वाचकाला परका वाटणार नाही. तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने ‘ओस ग्रांदेस पोर्तुगेझेस’ या नावाने असाच कौल घेतला. पहिला आला अंतोनियु सालाझार, ४१ टक्के मतांनी. हाच तो हुकूमशहा, ज्याने ब्रिटिश गेल्यानंतरही चौदा वर्षे गोवा सोडला नाही, ज्याच्या राजवटीत १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, ज्याच्या पोलिसांनी पकडलेले सांगलीचे मोहन रानडे गोवा मुक्त होऊनही १९६९च्या जानेवारीपर्यंत लिस्बनजवळच्या तुरुंगात होते. डिसेंबर १९६१ मध्ये त्याने गोव्याच्या गव्हर्नर जनरलला शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. वासालु ई सिल्वा यांनी तो मानला नाही, शरणागती पत्करली, असंख्य जीव वाचवले आणि त्यापायी लष्करातून बडतर्फी ओढवून घेतली. सालाझारला मत देणाऱ्यांच्या मनात गोवा नसेलही. चालू राजकारणावरचा राग त्यांनी असा काढला असे त्या वेळी अनेकांनी सांगितले. पण मतपेटीत कारण नोंदले जात नाही, नाव तेवढे नोंदले जाते.

त्याच कौलात तिसरे आले आरिस्तिदेस द सोझा मेंदेस, १३ टक्के मतांनी. १९४० च्या जूनमध्ये ते फ्रान्समधल्या बोर्दो शहरात पोर्तुगालचे वाणिज्यदूत होते. नाझी सैन्यापुढे पळणाऱ्या निर्वासितांना, त्यातही ज्यूंना, लिस्बनच्या परवानगीवाचून व्हिसा देऊ नये असा सालाझारचा आदेश होता. मेंदेस यांनी तो धुडकावला आणि दिवसरात्र बसून हजारोंना व्हिसा दिले. त्यांना नोकरीतून दूर केले गेले, कुटुंब कर्जात बुडाले आणि १९५४ मध्ये ते दारिद्र्यात वारले. त्यांचे घराणे उमरावांचे. काबानास द विरियातु या गावातली ‘काझा दु पासाल’ ही त्यांची मोठी हवेली. काही निर्वासितांना त्यांनी तिथेही आसरा दिला होता. धनकोंनी ती विकायला काढली. पुढे कित्येक वर्षे ती ओस पडली, छप्पर कोसळले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी वंशजांच्या प्रतिष्ठानने ती परत मिळवली, २०११ मध्ये तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९ जुलै २०२४ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, तिथे संग्रहालय उघडले. शिक्षा देणारा पहिला आणि शिक्षा भोगणारा तिसरा, असा त्या एका रात्रीचा निकाल होता. पण आज त्या गावात जाणारी शाळकरी मुले कोणत्या माणसाची गोष्ट ऐकतात ते त्या निकालाने ठरवलेले नाही, त्या घराने ठरवले आहे. पडके घर पुन्हा उभे करायला दोन दशके झटणाऱ्या माणसांनी केले ते कोणत्याही कौलाने झाले नसते.

घर हे काम का करू शकते? कारण कौल उत्तर देऊन मोकळा होतो, घर मात्र प्रश्न विचारायला लावते. जागेचेही तसेच. आपल्या यादीतल्या पहिल्या दहांतल्या जेआरडींचेच पाहा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी पुस मॉथ हे एकइंजिनी विमान स्वतः चालवत, टपालाच्या थैल्या घेऊन, कराचीहून अहमदाबादमार्गे ते जुहूला उतरले. एअर इंडियाचा उगम तो. जुहूची धावपट्टी तेव्हा इतकी सखल होती की पावसाळ्यात तिथे चिखल साचे आणि विमाने पुण्याहून उडवावी लागत. आज त्या मैदानावर हेलिकॉप्टरे उतरतात; जागा शिल्लक आहे, म्हणून पार्ले-अंधेरीच्या कोणत्याही शाळेला मुलांना तिथे नेऊन हे सांगता येईल. थोर उद्योगपती म्हणून जेआरडींचे नाव पाठ करणे वेगळे आणि समुद्राच्या वाऱ्यात, चिखलाच्या कडेला, छोटे विमान उतरवण्याचे धाडस समजणे वेगळे. पहिल्याने आदर वाटतो, दुसऱ्याने हिंमत येते.

स्पर्धेबाहेर ठेवलेल्या गांधीजींचा जुहूशी संबंध याहून जवळचा. १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्यावर आणि तुरुंगातून सुटका झाल्यावर ते विश्रांतीला जुहूच्या किनाऱ्यावर आले, आणि कायदेमंडळात शिरावे की नाही यावर मोतीलाल नेहरू व चित्तरंजन दास यांच्याशी त्यांचा खल झाला तो तिथेच. पुन्हा मे १९४४ मध्ये, आगाखान पॅलेसच्या कैदेत कस्तुरबांना गमावून आणि मलेरियाने खंगून सुटल्यावर, ते जुहूलाच मोरारजी कुटुंबाच्या बंगल्यात उतरले. विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ हा चित्रपट त्यांनी पाहिला तो या मुक्कामात. तिथून काही महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, मलबार हिलवर जिनांच्या बंगल्यात फाळणीच्या प्रश्नावर त्या दोघांच्या दीर्घ वाटाघाटी झाल्या आणि फसल्या. क्लॉड बॅटली यांनी आराखडा केलेला तो बंगला आज भारत सरकारच्या ताब्यात आहे. भारतातल्या कोणत्याही प्रेक्षक-कौलात जिनांना मत मिळणार नाही, मिळूही नये. तरी ते घर टिकलेच पाहिजे. देश कसा तुटला हे समजून घ्यायला ती वास्तू लागते. कौल आपल्याला प्रिय माणसांपुरताच नेतो. जतन मात्र अप्रिय सत्यापर्यंत जायला हवे. ज्या समाजाकडे फक्त आवडत्यांच्या याद्या उरतात त्याचा इतिहास हळूहळू आरतीसंग्रह होतो.

नाव राखून घर घालवण्याचा मुंबईतला ठळक दाखला होमी भाभांचा आहे. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राला १९६७ पासून त्यांचे नाव आहे. मलबार हिलवरचा ‘मेहरांगीर’ हा त्यांचा वडिलोपार्जित बंगला, आई मेहेरबाई आणि वडील जहांगीर यांच्या नावांची सांगड घालून ओळखला जाणारा, खऱ्या अर्थाने खानदानी वास्तू होती. होमींचे बंधू जमशेद यांच्या पश्चात तो राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राकडे, म्हणजे एनसीपीएकडे, आला आणि २०१४ मध्ये ३७२ कोटी रुपयांना लिलावात विकला गेला. तो राष्ट्रीय स्मारक व्हावा म्हणून अणुऊर्जा खात्यातले कर्मचारी न्यायालयात गेले. २०१६ मध्ये तो पाडला गेला. इथे कुणी खलनायक शोधण्यात अर्थ नाही. विक्रीचा पैसा ज्या कलासंस्थेला मिळाला ती जमशेद भाभांनीच उभारलेली होती आणि विकत घेणाऱ्याचा व्यवहार कायदेशीर होता. दोष आहे तो एवढाच की घर बाजारात येण्याआधी ते जपण्यासारखे आहे असे ठरवणारी आणि त्यासाठी पैसा उभा करणारी यंत्रणा आपल्याकडे नव्हती. लिलावाची तारीख लागल्यावर जागी होणारी कृतज्ञता नेहमी उशिराच पोहोचते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की कौलाला दुय्यम ठरवणे म्हणजे सामान्य माणसाच्या पसंतीला दुय्यम ठरवणे. इतिहास ठरवायचा हक्क पुन्हा तज्ज्ञांच्या हाती देणे. हा आक्षेप गंभीर आहे, आणि बाबासाहेबांच्या बाबतीत तर विशेष. शतकानुशतके ज्यांना मत विचारलेच गेले नाही, त्यांनी मिळाली ती संधी घेऊन आपल्या उद्धारकाला अग्रस्थानी बसवले, यात मोठा न्याय आहे. पण त्याच समाजाने कौलावर भिस्त ठेवली नाही, हेही पाहायला हवे. दादरच्या हिंदू कॉलनीतले ‘राजगृह’ बाबासाहेबांनी बांधले ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी. कोणत्याही वाहिनीने क्रमांक लावण्याच्या कितीतरी आधीपासून, दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारी माणसे त्या घराच्या दारापर्यंत जात आली आहेत. जुलै २०२० मध्ये तिथे नासधूस झाली तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला, तो लोकांना घर आपले वाटत होते म्हणून. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, ते घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ३० कोटींहून अधिक रुपये मोजून घेतले, तेही याच लोकभावनेच्या रेट्यामुळे. म्हणजे सामान्य माणसाला जागेचे मोल कळते. घर जपायचा हक्क त्याच्याकडून कुणी काढून घेऊ नये, उलट तो हक्क अंधेरी-मुलुंडच्या माणसालाही मिळावा, असेच माझे म्हणणे आहे. आणि लंडनमधल्या घरासाठी तिजोरी उघडणाऱ्या राज्याला वर्सोवा परवडत नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप आहे वर्गाचा. बंगले, हवेल्या, खानदानी वास्तू या जमीनदारांच्या. त्या जपायच्या म्हणजे मूठभरांच्या वैभवाची देखभाल करायची. उपनगरांच्या इतिहासात या शंकेला भक्कम आधार आहे. एकोणिसाव्या शतकात कंपनी सरकारने साष्टीतली, म्हणजे आजच्या उपनगरांतली, गावेच्या गावे धनिकांना दिली. पवईची जहागीर १८२९ च्या सुमारास फ्रामजी कावसजींकडे गेली, मालाड-बोरिवलीच्या पट्ट्यातली गावे १८३० मध्ये बैरामजी जीजीभाईंकडे. या जमिनींना महसुलात मिळालेल्या सवलती रद्द करायला स्वतंत्र भारतात १९५१ चा साष्टी इस्टेट कायदा करावा लागला, आणि त्या जमिनींवर कसणाऱ्या कुणबी, आगरी, वारली, ईस्ट इंडियन कुटुंबांचे हक्काचे झगडे पुढेही चालू राहिले. पण हे सारे खरे आहे म्हणूनच अशा वास्तू पुसून चालणार नाही. हवेली पाडली की मालकाचे वैभव जसे दिसेनासे होते तशी त्याला वैभव देणारी व्यवस्थाही दिसेनाशी होते. जपायची ती दिवाणखान्याइतकीच नोकरांची खोली, विहीर, शेजारचे गावठाण आणि मिळकत पत्रिकेवरची नावे. कोळीवाड्याच्या कडेला उभा असलेला बंगला कोळीवाड्यासकट दाखवला तर तो सरंजामाचे स्मारक राहत नाही, त्याचा पुरावा होतो. जतन आणि गौरव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणे हे जतन करणाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे.

तिसरा आक्षेप सर्वात व्यवहारी आणि म्हणून सर्वात वजनदार: खर्च कोण करणार? योगायोगाने त्याच २०१२ च्या पावसाळ्यात, टीव्हीवर नायकांसाठी मते मागितली जात असताना, मुंबई महापालिकेने वारसा यादीत भर घालणारी नवी प्रस्तावित यादी हरकती-सूचनांसाठी जाहीर केली. शिवाजी पार्क, दादर, माटुंगा भागातल्या रहिवाशांनी तिला कडाडून विरोध केला. ते इतिहासाचे वैरी नव्हते. आपली गळकी इमारत यादीत गेली की पुनर्विकास अडणार, दुरुस्तीचा भुर्दंड मात्र आपल्यावरच राहणार, ही त्यांची भीती होती आणि ती निराधार नव्हती. नायकाला मत द्यायला काही पडत नाही. वारशाचा भार मात्र मोजक्या घरमालकांनी सोसावा अशी अपेक्षा असते. हा अन्याय दूर केल्याशिवाय कोणतीही यादी टिकणार नाही. १९९५ मध्ये मुंबईने देशात प्रथम वारसा नियमावली आणली, आजच्या विकास नियमावलीतही वारसा वास्तूंची तरतूद आहे आणि न वापरलेले बांधकाम क्षेत्र टीडीआरच्या (हस्तांतरणीय विकास हक्काच्या) रूपाने अन्यत्र विकण्याची सोयही आहे. पण ती मिळवताना मालकाचे जोडे झिजतात. टीडीआर ठरावीक मुदतीत हाती पडणे, मालमत्ता करात ठोस सवलत आणि दुरुस्तीसाठी राखीव निधी, या तीन गोष्टी दिल्या तर आजचे विरोधकच उद्याचे राखणदार होतील.

कुणी म्हणेल, उपनगरांत आता उरलेच काय आहे? १९५० आणि १९५७ मध्ये टप्प्याटप्प्याने मुंबईत सामील झालेला हा भाग शहराने नेहमी राहायची सोय म्हणूनच पाहिला. मूळ वारसा यादीतही सिंहाचा वाटा दक्षिण मुंबईचाच आहे. तरी महाकाली आणि मंडपेश्वरची लेणी केंद्राच्या संरक्षणाखाली टिकली, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा उभा काळा कडा चहूबाजूंनी इमारती चढूनही उभा राहिला. हे कायद्यामुळे आणि स्थानिक लोकांनी पाठ सोडली नाही म्हणून झाले. पुरातन ते वाचले. शे-दीडशे वर्षांपलीकडचे नसलेले मात्र कुणाच्या खिजगणतीत नाही. मिठाच्या सत्याग्रहात गजबजलेली विलेपार्ल्याची छावणी, १९२० च्या दशकात आखणी होऊन वसलेल्या मुलुंडचे काटकोनी रस्ते, घाटकोपर आणि बोरिवलीत पुनर्विकासाच्या रांगेत उभी असलेली जुनी घरे, यांची पद्धतशीर मोजदाद व्हायला हवी. सगळे वाचवता येणार नाही, वाचवूही नये. माणसांना राहायला घरे लागतात आणि मोडकळीला आलेल्या इमारतीत जीव मुठीत धरून राहणाऱ्याला इतिहास ऐकवणे निर्दयपणाचे आहे. पण काय पाडतो आहोत हे माहीत असून पाडणे आणि माहीत करून न घेताच पाडणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

म्हणून मागणी मोठी नाही आणि आजपासून सुरू करता येण्याजोगी आहे. महापालिकेच्या के-पश्चिम, आर-मध्य, एन, टी अशा प्रत्येक उपनगरी विभागाने स्थानिक महाविद्यालये, ग्रंथालये आणि गावठाणातल्या जाणत्या मंडळींना सोबत घेऊन सार्वजनिक महत्त्वाच्या व्यक्ती, चळवळी आणि संस्थांशी जोडलेल्या वास्तूंची नोंदवही करावी. कोणत्याही जुन्या वास्तूच्या पाडकामाला परवानगी देण्यापूर्वी तिची मोजमापे, छायाचित्रे आणि मालकीचा इतिहास सरकारी खर्चाने नोंदवून घेणे बंधनकारक करावे. जिथे घर उरले आहे तिथे आणि जिथे केवळ जागा उरली आहे तिथेही, कोण, कधी ते कधीपर्यंत आणि कशासाठी राहिले हे सांगणारी मराठी पाटी लावावी. सुरुवात वर्सोव्यात दादाभाईंपासून करावी. पाटीने कायद्याचे संरक्षण मिळत नाही हे खरे. पण शेजाऱ्यांना माहीत असलेले घर गुपचूप पाडता येत नाही. आणि काय राखायचे याचा निर्णय विभागातल्या खुल्या सुनावणीत व्हावा. मालक, भाडेकरू, अभ्यासक, विकासक सगळ्यांनी बोलावे आणि राखायचे ठरले तर त्याचा खर्च किती व कोण देणार हेही त्याच बैठकीत लिहून घ्यावे.

लोकांनी मत द्यावेच. प्रश्न फक्त कशावर द्यावे हा आहे. सर्वात थोर कोण, या प्रश्नावर दिलेल्या मताने आपले काहीच खर्ची पडत नाही आणि बदलतही काही नाही. बाबासाहेब २०१२ च्या आधीही तितकेच थोर होते आणि दादाभाई यादीत नसल्याने रतीभरही लहान झाले नाहीत. आपल्या विभागात काय टिकवायचे आणि त्यासाठी आपण किती सोसायचे, हा प्रश्न मात्र मत देणाऱ्याला बांधून घेतो. त्यात कराचा पैसा आहे, शेजाऱ्याच्या हक्काचा विचार आहे, नावडता इतिहास पदरी घेण्याची तयारी आहे. हे मतदान कोणतीही वाहिनी घेणार नाही, ते विभाग कार्यालयांनी घ्यायचे आहे. येत्या काही वर्षांत उपनगरांचा चेहरामोहरा पुनर्विकासात बदलून जाणार, हे कुणी सांगायची गरज नाही. त्याआधी ही नोंदवही उघडली नाही, तर आपल्या नायकांबद्दल पुढच्या पिढीला सांगायला आपल्याजवळ क्रमांक असतील, पुरावा नसेल. महापालिकेने आणि राज्य सरकारने हे काम अंगावर घ्यावे, आणि त्यांनी ते घेईपर्यंत उपनगरांतल्या नागरिकांनी त्यांना स्वस्थ बसू देऊ नये.